कात्रीमामांची दुपार

न्हावी म्हटला की तो बोलका असणार, ही समजूत आमच्या गल्लीत साफ खोटी ठरली आहे. कात्रीमामांच्या खुर्चीत बसलात तर हवापाणी, राजकारण, कुणाच्या मुलीचं जमलं नि कुणाच्या मुलाचं मोडलं, यातलं काही म्हणजे काही तुमच्या कानावर पडणार नाही. कात्री चालते, पंखा घरघरतो आणि फार तर "मान खाली" एवढं ऐकू येतं. तेही ते तुम्हाला सांगत नाहीत, समोरच्या आरशातल्या तुम्हाला सांगतात. उभा जन्म माणसाच्या पाठीमागे उभं राहून आरशात बघत काम केलं, त्यामुळे समोरासमोर आलेल्या माणसाशी काय बोलायचं हे त्यांना कधी सुधरलंच नाही. रस्त्यात भेटले तर आपल्या खांद्यावरून पलीकडे बघत बोलतात. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटतं, मागून कोणीतरी येतंय.

मी त्यांच्या शेजारच्या दुकानात कपडे दुरुस्त करते. चेन बदलणं, पँट आखूड करणं, सुटलेल्या पोटांसाठी कमरा सैल करणं, असली कामं. मधली भिंत इतकी पातळ की त्यांनी वस्तरा पट्ट्यावर घासला की इकडे माझे दात शिवशिवतात. मी बोलते भरपूर, चिडते त्याहून जास्त, आणि चिडले की मशीनचं पायडल असं हाणते की गिऱ्हाईक आपोआप दाराकडे सरकतं. मामांवर मी चिडायची ते त्यांच्या गप्प बसण्यावर. मामींचा त्या गप्पपणात जीव कसा गुदमरत नाही, हे मला कोडं होतं.

मामी म्हणजे त्यांची बायको. अखंड बोलायच्या. नवरा-बायकोच्या बोलण्याची बेरीज काढली असती तर बरोबर दोन माणसांइतकी आली असती, पण ती सगळी एकट्या मामींची कमाई. संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक उठलं की त्या वरच्या खोलीतून जिना उतरून यायच्या आणि दुसऱ्या रिकाम्या खुर्चीत ठाण मांडायच्या. मामा त्यांचा अंबाडा सोडायचे, विंचरायचे, डावीकडे तिरपा भांग पाडून पुन्हा बांधून द्यायचे. त्या आरशाकडे बघून दिवसभराचं सांगत राहायच्या, आणि मामा आरशातच मान हलवायचे. मूलबाळ नव्हतं. रविवारी दोघं चर्चमध्ये डाव्या बाजूच्या खांबाशी बसायची, मामी वरच्या पट्टीत गायच्या, मामा पुस्तक धरायचे.

मग मामींचं विसरणं सुरू झालं. आधी चहात मीठ पडलं, त्याचं हसू झालं. मग एका रविवारी चर्चमधून घरी येताना त्या भलत्याच वळणावर वळल्या, त्याचं कुणाला हसू आलं नाही. आणि एका सकाळी वरच्या खोलीतून अशी किंकाळी आली की मी हातातली सुई टाकून जिना चढले. मामी कोपऱ्यात उभ्या राहून थरथरत होत्या. "घरात परका माणूस शिरलाय हो!" परका माणूस बनियनवर उभा होता, हातात दोन कपबश्या घेऊन. कात्रीमामा.

आमच्या चर्चच्या मागच्या अंगाला मंडळीनेच चालवलेला वृद्धाश्रम आहे. लांब व्हरांडा, फिनेलचा वास, दोन-दोन खाटांच्या खोल्या. मामींना तिथे ठेवलं. त्याच खोलीत पलीकडच्या खाटेवर माझी मावशी आहे. मावशीचे कान गेलेत, जीभ शाबूत आहे. रोज दुपारी मी तिला भरवायला जाते, म्हणून पुढचं सगळं मला माहीत आहे. नाहीतर मामांच्या तोंडून ते मला सात जन्मात कळलं नसतं.

तिथल्या सिस्टरने पहिल्याच आठवड्यात मामींचे केस बारीक कापायचं काढलं. तिचंही चूक नव्हतं. इतक्या म्हाताऱ्या, दोन हात, कुणाकुणाचे केस विंचरत बसणार? पण मामा म्हणाले, "तिच्या केसांना कात्री लागणार नाही." न्हाव्याच्या तोंडचं हे वाक्य. आणि आवाज इतका चढलेला की मावशीलासुद्धा ऐकू गेलं असावं, ती दचकली. तेव्हापासून ते रोज दुपारी दुकानाला 'बंद'ची पाटी लावून कंगवा आणि पाण्याचा फवारा घेऊन यायला लागले.

खोलीत शिरण्याआधी ते कडीवर हात ठेवून प्रार्थना करायचे. आवाज न करता बोलतोय असं त्यांना वाटायचं, पण सवयच नसल्यामुळे आवाज आवरणंही त्यांना जमत नव्हतं. मला स्पष्ट ऐकू यायचं. "प्रभू, आज तरी तिला माझी ओळख पटू दे." रोज तेच. पावसाळा सरला, थंडी आली, मागणं बदललं नाही. मग ते मामींची खुर्ची उचलून बेसिनवरच्या आरशासमोर ठेवायचे, मामींना बसवायचे आणि मागे उभे राहून केस सोडायचे. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने केसांना हात लावायचा असतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसेल.

कधी बरं जायचं. कधी मामी आरशात बघून विचारायच्या, "ही म्हातारी कोण?" मामा आरशात बघून सांगायचे, "तू." मामी हसायच्या, "काहीतरीच." पण मग त्यांची नजर जरा वर जायची, मागे उभ्या असलेल्या पांढऱ्या डोक्याच्या माणसावर. त्याच्या हातात काहीतरी टोकदार. त्यांचे खांदे आक्रसायचे. आणि नेमकं त्याच वेळी मामांना राहवायचं नाही. "अगं, मी. मीच तुझा नवरा."

जन्मभर बोलायला पाहिजे तेव्हा बोलले नाहीत, आणि आता नको तिथे बोलत होते. मला तर डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

एका दुपारी तसंच झालं. "खोटं!" मामी ओरडल्या. "आमचे हे काळ्याभोर केसांचे आहेत. तुम्ही कोण? ह्यांचं काय केलंत?" त्यांनी कंगवा हिसकून आरशावर मारला, खुर्ची उलटली, त्या पडता पडता वाचल्या. रडून रडून त्यांना धाप लागली. शेजारच्या खोल्यांतून म्हाताऱ्या रडायला लागल्या, एकीचं ऐकून दुसरी. सिस्टर धावत आली, मामींना गोळी देऊन निजवलं, आणि मामांना व्हरांड्यात घेऊन गेली.

"मामा, मी तुम्हाला शेवटचं सांगते. तुम्ही 'नवरा' म्हणालात की त्या घाबरतात, आणि रात्रभर दाराला टेबल लावून बसतात. त्यांच्या जिवाला हे झेपत नाही. पुन्हा असं झालं तर तुमचं येणं बंद करावं लागेल. दारातल्या काचेतून बघा हवं तर."

मामा तिच्या खांद्यापलीकडे बघत होते. "बरं," म्हणाले.

घरी आम्ही बरोबरच आलो. मी बडबडत होते, म्हणजे सिस्टरला, आजाराला आणि अध्येमध्ये थेट देवाला शिव्या घालत होते. वरच्या खोलीत मी मामांना जेवणाचा डबा द्यायला गेले तर टेबलावर दोन कपबश्या मांडलेल्या, एक उपडी. पावाच्या पाकिटातले वरचे तुकडे खाऊन संपले की उरलेला पाव वाळून जायचा, तो खिडकीत पाखरांसाठी चुरून ठेवलेला. एका माणसाला एवढंसं सामान कुणी विकत नाही. भिंतीवर क्रूस, त्याच्याखाली मामींची शाल खुंटीला. खोलीत इतकी शांतता होती की नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं, आणि मला वाटलं, मामी असताना हा नळ गळतो हे यांना कळलंच नसेल. मला फार वाईट वाटलं. मी डबा ठेवून खाली पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब केस कापायला आले. मागच्याच रविवारी त्यांनी आजच्या दिवसात जगण्यावर उपदेश केला होता. काल गेला, उद्या देवाच्या हाती, आपल्याला भेटायला प्रभू येतो तो आजच येतो, असं बरंच काही. मला तेव्हाच चीड आली होती. ज्याचा 'आज' बरा चालला आहे त्याला हे बोलायला काय जातंय?

भिंत पातळ असल्याचा एक फायदा आहे. मी मशीन थांबवलं.

"पाळकसाहेब," मामा म्हणाले. आरशात बघूनच म्हणाले असणार. "तुम्ही सांगता तसं ती जगते. तिला काल नाही, उद्या नाही. रोज पहिल्यापासून सुरू. मग तिला सुख का नाही?"

कात्री थांबली होती. पंखा तेवढा चालू होता.

"रविवारी मी जे बोलतो ते सोमवारी मलाच जमत नाही, मामा," पाळकसाहेब म्हणाले.

मला ते पाळकसाहेब त्या दिवशी पहिल्यांदा आवडले.

"मी रोज एकच मागतो," मामा म्हणाले. "तिने मला ओळखावं."

"आणि तिला काय हवं असतं?"

कात्री पुन्हा सुरू झाली.

दुपारी मी मावशीला भरवत होते तेव्हा मामा आले. कडीवर हात ठेवून उभे राहिले. आज किती वेळ लागतोय म्हणून मी मान वळवली. "प्रभू, आज हात नीट चालू दे," एवढंच म्हणाले नि आत आले.

आत आले आणि थबकले. सिस्टरने बेसिनवरच्या आरशावर चादर टाकून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली होती. मामी खिडकीशी बसल्या होत्या, केस सुटलेले, कालच्या रडण्याची आठवणसुद्धा चेहऱ्यावर नाही. मामांनी सवयीने खुर्ची उचलायला हात घातला, सोडला, परत घातला. शेवटी खुर्ची आहे तिथेच ठेवली आणि मामींच्या मागे जाऊन उभे राहिले. समोर भिंत. त्यांच्या हातात कंगवा तसाच. मामी सारख्या मागे वळून बघायला लागल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत ते कालचं घाबरणं हळूहळू यायला लागलं.

मला काही ते बघवेना. "अहो, पुढे या ना!" मी मावशीच्या तोंडात घास कोंबत ओरडले. "चोरासारखं पाठीमागे काय उभं राहता? कुणीही घाबरेल!"

मावशी म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "जेव."

मामा पुढे आले. खाटेखालचं स्टूल ओढून मामींच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. आणि कुठे बघावं ते त्यांना कळेना. मामींच्या खांद्यापलीकडे खिडकी होती, तिकडे बघितलं. मग पायांकडे. शेवटी बायकोच्या तोंडाकडे बघितलं. मी सांगते, लग्नानंतर इतका वेळ, इतक्या उजेडात, त्यांनी तो चेहरा थेट असा बघितला नसेल. त्यांचा कान लाल झाला. या वयात!

"केस विंचरू का?" त्यांनी विचारलं.

"विंचरा की, भाऊ," मामी म्हणाल्या.

भाऊ. नवऱ्याला भाऊ. मामांनी फवारा मारला, समोरून हात लांबवून हलक्या हाताने गुंता सोडवला आणि कंगव्याच्या टोकाने सरळ रेघेसारखा भांग पाडला.

तो उजवीकडे पडला.

मला आधी उमगलंच नाही. एवढ्या वर्षांचा हात, आणि चुकावा? मग लक्षात आलं. त्यांच्या मनातले मामींचे चेहरे सगळे आरशातले. आरशात तो भांग डाव्या हाताला दिसायचा, म्हणून समोर बसल्यावरही त्यांनी तो आपल्या डाव्या हाताला पाडला. समोर बसलेल्या माणसाचं डावं-उजवं उलटं असतं, हे शाळेतलं पोर सांगेल. आमच्या न्हाव्याला ते माहीत असायला तो कधी कुणासमोर बसलाच नव्हता.

मामींनी डोक्याला हात लावला. चाचपलं. मी घाबरले, आता रडारड होणार. पण त्या हसल्या, अगदी पूर्वीसारख्या, दुकानात बसून हसायच्या तशा.

"चुकलं हो भाऊ तुमचं! इकडे पाडायचा." त्यांनी मामांचं मनगट धरलं आणि कंगव्यासकट आपल्या डोक्याच्या डाव्या बाजूला नेऊन टेकवलं. "आमचे हे इकडे पाडतात. न्हावी आहेत ना ते. असे हात आहेत, डोळा लागतो माणसाचा."

मामांचं मनगट त्यांच्या हातात तसंच होतं. किती महिन्यांनी मामींनी आपणहून त्यांना हात लावला होता, ते मला माहीत होतं. मामांचे ओठ हलले. मला कळलं, आता ते म्हणणार. 'मीच तो' म्हणणार, आणि सगळं संपणार. दार बंद, काचेतून बघायचं. मी त्यांच्याकडे नको, नको अशी मान हलवत होते, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. मामींच्या डोळ्यांत बघत होते.

"चांगले दिसतात तुमचे हे," मामा म्हणाले.

"चांगले आहेत हो. पण बोलत नाहीत." मामींनी आवाज खाली आणला, परक्याला घरातलं सांगताना आणतात तसा. "एक शब्द नाही. मी आपली बोलत राहते. बोलता बोलता कधी मनात येतं, ह्यांना आपला कंटाळा तर नसेल आला? विचारायचा धीर नाही झाला, भाऊ. हो म्हणाले तर?"

मी आजवर समजत होते की मामी सुखाने बोलतात. भीतीने बोलत होत्या. आणि ते त्या नवऱ्याला कधी सांगू शकल्या नाहीत, आज समोरच्या परक्याला सांगत होत्या.

मामांनी भांग मोडला आणि नव्याने डावीकडे पाडायला घेतला. हात नीट चालत होता.

"कंटाळा नाही आला त्यांना," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"ओळखतो मी त्यांना. एकाच चर्चला जातो आम्ही." थांबले. एवढं सलग बोलणं म्हणजे त्यांच्यासाठी डोंगर चढणं. "ते दिवसभर वाट बघायचे. शेवटचं गिऱ्हाईक कधी उठतं, आणि तुम्ही कधी खाली येता. तुमचं बोलणं ऐकलं की त्यांना... त्यांना वाटायचं, आता आपल्याला काही बोलायला नको. सगळं आहे."

"खरंच?"

"देवाशपथ."

"मग सांगायला काय झालं होतं मेल्या माणसाला!" मामी म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, हसत असताना. "भेटले तर सांगा त्यांना. एकदा समोर बसून बोला म्हणावं."

"सांगतो."

मावशीने माझ्या हाताला ढोसलं. "रडतेस काय? भात खाली सांडला." मी तिचं तोंड पुसलं, मग त्याच रुमालाने माझं. माझ्या डोक्यात आलं ते तसंच सांगते: हा माणूस इतके महिने दार वाजवत होता की मला ओळख, मला ओळख. आज त्याने दार वाजवणं सोडलं आणि आत जाऊन बसला. आणि आत काय होतं, तर दोघांचा एकेकट्याने सोसलेला एकटेपणा. तो मिटला असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी मामा त्याच वरच्या खोलीत एकटेच परतणार होते, आणि मामी तासाभरात हे सगळं विसरणार होत्या. उद्या पुन्हा भाऊ, पुन्हा तोच कंटाळ्याचा प्रश्न, पुन्हा तेच उत्तर पहिल्यापासून. पाळकसाहेबांना मी हे सांगणार होते, पण त्यांनी त्याचा उपदेश केला असता, म्हणून राहू दिलं.

मामांनी अंबाडा बांधला, एक आकडा खोचला, मागे सरून नीट बघितलं. मग कंगवा खिशात घालून उठायला लागले. दुकान उघडायची वेळ झाली होती.

मामींनी घाईने खिडकीबाहेर बघितलं. ऊन उतरत होतं. त्यांनी मामांची बाही धरली.

"भाऊ, जाऊ नका ना. आमचे हे येतीलच आता मला न्यायला. ते येईपर्यंत बसता का? एकटीला भीती वाटते."

मामा परत स्टुलावर बसले.

"बसतो की," ते म्हणाले. "ते येईपर्यंत बसतो."